एक डोळा झाकून पाहा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात २२ वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. मागच्या आठवड्यात आमच्या जिल्हा परिषद शाळेत 'पहिले पाऊल'चा, म्हणजे शाळा पूर्वतयारीचा मेळावा झाला. यंदा पहिलीत जाणारी पोरं आयांचं बोट धरून आली होती. नोंदणी झाली की पोरगं एकेका टेबलावर जायचं. कुठे आखलेल्या रेषेवरून चालायचं, कुठे दोन्ही पाय जोडून उडी मारायची, कुठे चित्रात रंग भरायचा, कुठे चिंचोके मोजायचे, कुठे ऐकलेली गोष्ट परत सांगायची. अशी सात टेबलं. आठवं टेबल मी मांडलं होतं, जरा बाजूला, कडुनिंबाखाली. शासनाच्या यादीत ते नाही. मुख्याध्यापक सर म्हणाले, "मांडा बाई," म्हणून मांडलं.

माझ्या टेबलावर जुन्या चष्म्याच्या दोन चौकटी होत्या. एकीच्या उजव्या बाजूला काळा पुठ्ठा चिकटवलेला, दुसरीच्या डाव्या. समोर दहा फुटांवर भिंतीला चित्रांचा तक्ता. बस, एवढंच.

एक पोरगा आला. वय पाच वर्षं दहा महिने. आईबाप जिनिंगच्या कामाला दोन-अडीच वर्षं बाहेरगावी होते, आत्ता परतले, म्हणून माझ्या अंगणवाडीत तो कधी बसलेला नव्हता. सातही टेबलांवर त्याला शाबासकी मिळाली होती. मी त्याचा डावा डोळा झाकला. घर, सफरचंद, गोल, चौकोन, अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत त्यानं धडाधड सांगितलं. मग उजवा झाकला. पोरगा गप्प. मग त्यानं मान वाकडी केली. मग चौकट खाली ओढून वरून पाहायला लागला. मी ती परत नीट बसवली, तर माझा हात ढकलून रडायलाच लागला, "काढा ना बाई हे, मले दिसत नाई." त्याची आई ओशाळून म्हणाली, "लबाड हाय बाई तो. खेळाले पयाचं हाय त्याले."

तो लबाड नव्हता. हे हात ढकलणं मी ओळखते. माझ्या पोरीनं माझाच हात असा ढकलला होता, आणि तेव्हा मीही तिला लबाडच म्हटलं होतं.

२०१७ ची गोष्ट आहे. पोरगी पाचवीत होती. शाळेत डोळे तपासायला माणसं आली. त्याआधीही तिची तपासणी झालीच होती, पण तेव्हा दोन्ही डोळे उघडे ठेवून समोरचं वाचायला लावायचे, आणि त्यात ती कधी अडली नाही. क्वचित कुणी हातानं डोळा झाक म्हटलं, तर बोटांच्या फटीतून सगळीच पोरं पाहतात. या वेळी आलेल्या माणसानं पुठ्ठा धरला. डाव्या डोळ्यानं तिनं सगळं वाचलं. उजव्यानं सगळ्यात वरच्या मोठ्या अक्षरापुढे गाडी जाईना. घरी चिठ्ठी आली. मी तिला ओसरीत बसवून डावा डोळा माझ्या तळव्यानं झाकला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा आकडा विचारला. तिनं हात ढकलला. मला वाटलं, चष्म्याची हौस आहे, वर्गातल्या दोघींना लागला म्हणून हिलाही पाहिजे. रागावले तिला. ते रागावणं मला अजून आठवतं.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेलं. उजव्या डोळ्याची नजर ६/६० निघाली. म्हणजे चांगल्या डोळ्याला जे ६० मीटरवरून दिसतं, ते पाहायला तिला ६ मीटरवर यावं लागतं. दिसायला दोन्ही डोळे सारखे, टपोरे, सरळ. तिरळेपणा नावाला नाही. डॉक्टर बाईंनी आतला पडदा पाहिला, तोही चांगला. त्या म्हणाल्या, उजव्या डोळ्याला जन्मापासूनच मोठा नंबर असणार, डाव्याला काही नाही. उजव्याकडून मेंदूला कायम धुरकट चित्र जात राहिलं. मेंदूनं ते घेणंच सोडून दिलं आणि डाव्यावर भागवलं. डोळा चांगला आहे, पण त्या डोळ्यानं पाहायला मेंदू शिकलाच नाही. अ‍ॅम्ब्लिओपिया म्हणतात याला, साध्या भाषेत आळशी डोळा.

मी विचारलं, "मग इतक्या वर्षांत ती बोलली कशी नाही?"

"कशी बोलणार? सगळ्यांना असंच दिसतं असं तिला वाटतं. आणि दोन्ही डोळे उघडे असले की तिला सगळं दिसतं."

घरी आल्यावर माझ्या सासऱ्यांना हे काही पटेना. धडधाकट पोरगी, दळण आणते, सायकल चालवते, सुईत दोरा ओवते, तिला दिसत नाही म्हणजे काय? तेव्हा माझ्या मिस्टरांनी त्यांना समजावलं. बाबा, म्हणाले, जोडीतला एक बैल नुसता जुवाखाली चालतो, जोर लावत नाही. दुसरा सगळं ओढतो. बंडी वावरात पोचते, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. चांगल्या बैलाला सोडून एकट्या त्यालाच जुंपलं, की कळतं. सासरे थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनीच पुढचं विचारलं, "मंग आता शिकंन का तो? गोऱ्ह्याले वखर शिकवाचं बी वय रायते."

डॉक्टर बाईंनी वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं होतं. मेंदूचं हे शिकणं जन्मापासून सुरू होतं आणि सात-आठ वर्षांपर्यंत जोरात चालतं. तीन, चार, पाच वर्षांच्या वयात सापडलं, तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी एवढ्या उपायानं बहुतेक मुलांची नजर पुष्कळ सुधारते. नंतरही काही फरक पडतो, म्हणून कुणी दहा-बारा वर्षांच्या मुलाला आता काय उपयोग म्हणून घरी बसवू नये. पण मिळणारा फायदा वयाबरोबर कमी होत जातो. माझ्या पोरीनं दीड वर्ष नेमानं पट्टी लावली. उजवा डोळा ६/६० वरून ६/२४ पर्यंत आला आणि तिथेच थांबला.

ती आता १९ वर्षांची आहे. दोन वर्षं ती पहाटे पाच वाजता उठून डांबरी रस्त्यावर ८०० मीटर धावायची, पोलीस भरतीसाठी. गोळाफेकीचा सराव करायची. मैत्रिणीबरोबर फॉर्म भरायला सायबर कॅफेत गेली आणि न भरता परत आली. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत दोन्ही डोळे वेगवेगळे पाहतात, हे तिला तिथे कुणीतरी सांगितलं. संपादक महोदय, मला हे सहन होत नाही. एक डोळा झाकून तपासायला सरकारला जमतं. पण ते १९ व्या वर्षी, नोकरी नाकारताना. चौथ्या वर्षी, डोळा वाचवता येत असताना, जमत नाही.

नोकरीचं राहू द्या. शेतीच्या गावात एका डोळ्यावर आयुष्य काढणं म्हणजे काय, ते आम्हाला माहीत आहे. पऱ्हाटी उपटताना काडी डोळ्यात जाते. मळणीयंत्रातून सोयाबीनचा कचरा उडतो. तुरीची धसकटं वेचताना खाली वाकलं की टोक नेमकं डोळ्याशी येतं. पोरीची तपासणी झाली त्याच वर्षी फवारणीच्या विषबाधेनं आमचा जिल्हा हादरला होता. माणसं गेली, आणि दवाखान्यात भरती असलेल्यांत डोळ्यांना त्रास झालेलेही होते. ज्याचे दोन्ही डोळे चांगले, त्याचा एक गेला तर दुसरा राहतो. ज्याचा एक आधीच आळशी, त्याचा तो चांगला गेला तर उरतं काय? म्हणून पोरगी वावरात निघाली की मी आधी तिच्या डोळ्यावर चष्मा आहे का पाहते.

आता माझ्याबद्दल. दर महिन्याला मी गावातल्या सहा वर्षांखालच्या प्रत्येक लेकराचं वजन घेते, उंची घेते, दंडघेर मोजते, सरकारच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर भरते. कोणतं सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित, कोणतं मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित, हे मला झोपेतून उठवून विचारा. दर सहा महिन्यांनी नर्स ताई जीवनसत्त्व अ चा डोस पाजते, तेव्हा पोरं धरायला मीच असते, आणि पाजताना आम्ही म्हणतो की हे डोळ्यांसाठी आहे. माझी पोरगी याच अंगणवाडीत, माझ्यासमोर, तीन वर्षं बसली. तिचा ग्रॅम-ग्रॅम मी लिहून ठेवला. तिचा एक डोळा झाकून दुसऱ्यानं काय दिसतं, ते मी एकदाही विचारलं नाही. विचारायचं असतं हे मला कोणत्याही प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. ५० वर्षं होऊन गेली.

पोरीच्या पट्टीसाठी सेवाग्रामला चकरा व्हायच्या, तेव्हा तिथे डोळे तपासणाऱ्या ताईंकडून मी ही तपासणी शिकून घेतली. घर, सफरचंद, गोल, चौकोन अशा चार चित्रांचा तक्ता लागतो. ही चित्रं फिनलंडच्या लिया ह्युवारिनेन या डॉक्टर बाईंनी १९७६ मध्ये अक्षरओळख नसलेल्या लेकरांसाठी तयार केली, असं ताईंनीच सांगितलं. पोरगं बोलत नसेल, लाजत असेल, तर त्याच्या मांडीवर चारही चित्रांचं कार्ड द्यायचं, ते बोट ठेवतं. सफरचंदाला आमच्याकडे कुणी पेरू म्हणतं, कुणी टमाटर म्हणतं. म्हणू द्यायचं. नावाशी आपल्याला काम नाही. दोन्ही डोळ्यांनी त्याला सारखं दिसतं की नाही, तेवढं पाहायचं. अडीच-तीन वर्षांची तापट पोरं तक्त्याला दाद देत नाहीत. त्यांच्याशी खेळता खेळता एकदा हा डोळा झाकायचा, एकदा तो. एक झाकल्यावर खेळत राहिलं आणि दुसरा झाकल्याबरोबर चिडलं, मान फिरवली, हात ढकलला, आणि दर वेळी असंच झालं, तर दाखवायला न्यायचं.

तिरळेपणानंही डोळा आळशी होतो. तिरळेपण पाहायला साधी बॅटरी लागते. लेकराला मांडीवर घेऊन हातभर अंतरावरून उजेड दाखवला, की दोन्ही डोळ्यांच्या बाहुलीत एकेक ठिपका चमकतो. दोन्ही ठिपके सारख्या जागी पाहिजेत. एक मधोमध आणि दुसरा नाकाकडे किंवा कानाकडे सरकलेला दिसला, तर डोळा तिरळा. काही लेकरांचं नाक वरून बसकं आणि रुंद असतं, म्हणून डोळे तिरळे भासतात. त्यांचे ठिपके बरोबर जागी असतात. तरी शंका राहिली तर डॉक्टरांना दाखवावं, हे मी ठरवायचं काम नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचा डोळा मधूनच इकडेतिकडे जातो, त्याला भ्यायचं कारण नाही. त्यानंतरही जात असेल, किंवा पहिल्यापासून कायमच एका बाजूला असेल, तर वाट पाहायची नाही.

पण वाट पाहतात. तिरळा डोळा तर सगळ्या गावाला दिसतो, तरी पोरगं दवाखान्यात पोचत नाही. "आमच्या घराण्यात हायच तसं." "ग्रहणात माय बाहेर गेली होती." "पायण्यावर खेयणं एकाच बाजूनं टांगलं होतं." "मोठा झाला का होते नीट." आणि सगळ्यात घात करणारं म्हणजे, "भाग्याचा डोया हाय, राहू द्या." शाळेत गेल्यावर त्याच भाग्यवान पोराला चकण्या नाव पडतं आणि ते जन्मभर चिकटतं. पोरीचं असेल तर लग्न ठरवायची वेळ आली की मायबाप घाबरे होऊन ऑपरेशनला नेतात. ऑपरेशननं डोळा सरळ दिसतो. पण लहानपणी दोन डोळ्यांची दोन वेगळी चित्रं नकोत म्हणून मेंदूनं त्या डोळ्याचं चित्र घेणं सोडलेलं असतं, ती नजर १८ व्या वर्षी ऑपरेशननं परत येत नाही. एक गोष्ट मी प्रत्येक आईला हात धरून सांगते. लेकराच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, फ्लॅशच्या फोटोत एक बाहुली लाल आणि एक पांढरी आली, तर त्याच आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. जन्मतःचा मोतीबिंदू असू शकतो, डोळ्यातला कर्करोगही असू शकतो. कधी कधी तो कर्करोग पहिल्यांदा नुसत्या तिरळेपणानंच दिसतो. तिरळेपण घरी बसून भोगायची गोष्ट नाही, ती याच्यासाठी.

पोरीचं कळल्यापासून मी माझ्या अंगणवाडीतलं एकही पोरगं डोळे तपासल्याशिवाय पहिलीत जाऊ दिलेलं नाही. आजपर्यंत आळशी डोळ्याची चार पोरं सापडली. जगभरात शंभरात एक ते तीन मुलांना हे असतं असं सांगतात, आणि आमचं गाव काही जगावेगळं नाही.

त्यातल्या एका पोराबद्दल लिहिते, कारण सापडणं म्हणजे अर्धंच काम, हे मी त्याच्याकडून शिकले. साडेचार वर्षांचा होता. एक डोळा ६/३६. चष्मा मिळाला, काही आठवड्यांनी रोज दोन तास पट्टी सांगितली. आई रोजानं जाते, पोरगं आजीजवळ. आठ दिवसांनी मी घरी गेले तर पट्ट्यांचं पाकीट देवळीत तसंच. आजी माझ्यावरच तुटून पडली, "चांगला डोया बांधून ठेवा म्हणते अन् वाईट डोयानं पाहाय म्हणते. हे कोनतं औषध व्हय, बाई? पोरगं भितीवर धडकते, रडते. मी नाई लावत." तिचं काय चुकलं? मलमपट्टी दुखऱ्या जागेवर करतात, हे तिनं सत्तर वर्षं पाहिलेलं. चांगल्या डोळ्यावर पट्टी का, हे दवाखान्यात तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं ते आईला, आणि आई तिथे नंबर लागेल की नाही, एसटी सापडेल की नाही या काळजीत होती. मी आजीजवळ बसून आमच्या घरची बंडीची गोष्ट सांगितली. ती बऱ्याच वेळानं म्हणाली, "हाव, आमच्या पवळ्याले बी असंच एकटं हाकून हाकून शिकवलं होतं."

मग उन्हाळा आला. ४४-४५ डिग्री. घामानं पट्टी निघून यायची. चष्म्याच्या काचेवर चिकटवली तर पोरगं बाजूनं पाहतं, म्हणून ती चष्म्याच्या आत, कातडीलाच चिकटवावी लागते. आम्ही सकाळी साडेसहा ते साडेआठ ही वेळ धरली. दवाखान्यात सांगितलं होतं की पट्टी असताना जवळचं बारीक काम द्या. आजीनं त्याला सुपात हरभरा आणि वाटाणा एकत्र करून निवडायला दिला. मग मूग आणि मटकी. मग ज्वारीतले खडे. पोळ्यापर्यंत तो सुईत दोरा ओवायला लागला. आजी पट्टीचा एक दिवस चुकू द्यायची नाही. वर्षभरात डोळा ६/९ झाला. पट्टी बंद केल्यावरही दाखवत राहावं लागलं, कारण काही मुलांची नजर पट्टी सुटल्यावर परत मागे जाते. तो आता दुसरीत आहे. आजी मागच्या वर्षी गेली.

एक सावधगिरी यातच सांगते. हे वाचून कुणी आपल्या मनानं पोराच्या डोळ्यावर पट्टी बांधू नये. जास्त बांधली तर चांगला डोळाही मागे पडतो. किती तास, किती महिने, पट्टी की चांगल्या डोळ्यात टाकायचं औषध, हे डॉक्टर ठरवतात. आणि पाल्याचा रस, मध, अंगावरचं दूध, काजळ, यातलं काहीही डोळ्यात घालू नये.

आता व्यवस्थेबद्दल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. येणारे डॉक्टर मेहनत करतात, मी डोळ्यांनी पाहते. पण जन्मतःच्या दोषांपासून दातांपर्यंत सगळं त्यांनाच पाहायचं, आणि एका दिवसात सगळी पोरं. तीन वर्षांच्या हट्टी पोराचा एक डोळा झाकून, ओळख वाढवून, खेळवून पाहायला त्यांना वेळ कुठला? त्यातून पथक आलं त्या दिवशी कापसाची वेचणी असली तर अर्धी पोरं वावराच्या धुऱ्यावर झोळीत. आम्हाला वेळ आहे. ते पोरगं वर्षभर रोज आमच्यासमोर बसतं. आज नाही ऐकलं तर उद्या, उद्या नाही तर सोमवारी.

म्हणून माझं मागणं आहे. शाळा पूर्वतयारीच्या मेळाव्यात आठवं टेबल अधिकृत करा. एप्रिलचा मेळावा होऊन गेला, पण दुसरा शाळा उघडताना होतो आणि आमच्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. दोन महिने हातात आहेत. एका शाळेला एक तक्ता आणि दोन जुन्या चौकटी, याला टेंडर लागत नाही. पण पाच-सहा वर्षं हे वयही जरा उशिराचंच आहे. खरी जागा अंगणवाडी आहे. पोषण ट्रॅकरमध्ये उंची-वजनाच्या खाली 'उजवा डोळा', 'डावा डोळा' अशा दोन ओळी द्या, वर्षातून एकदाच भरायच्या. आमच्यावर कामं कमी नाहीत आणि नवा रकाना आला की सेविका वैतागतात, मीही वैतागते. हे काम मात्र मी मागून घेते आहे. पर्यवेक्षिकांच्या मासिक बैठकीत नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांना बोलावून एक दिवस आम्हाला हातानं करून दाखवा. मोबाईलवर व्हिडिओ पाठवून हे येत नाही.

आणि पुढची सोय. पोरगं सापडलं की कुठे न्यायचं? ग्रामीण रुग्णालयात महिन्यातला एक ठरलेला दिवस फक्त लहान मुलांच्या डोळ्यांचा असावा, म्हणजे मोतीबिंदूच्या म्हाताऱ्यांच्या रांगेत लेकरू चार तास रडत बसणार नाही. लहान मुलाचा नंबर काढायला डोळ्यात औषध टाकून बाहुली मोठी करावी लागते, थांबावं लागतं, तेही त्याच दिवशी व्हावं. चष्मा पोराच्या मापाचा मिळावा. वरच्या चार पोरांपैकी एकाला शिबिरातून मिळालेली चौकट इतकी मोठी होती की नाकावरून घसरून गळ्यात यायची, आणि ती यायलाही चार महिने लागले. चार वर्षांच्या पोराचे चार महिने म्हणजे काय, हे मी वर लिहिलंच आहे. २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, त्याचा आम्हाला फार आधार आहे. तरी राळेगावहून वर्धा, वर्ध्याहून सेवाग्राम, आणि दर दोन-तीन महिन्यांनी चक्कर, म्हणजे प्रत्येक वेळी आईची एका दिवसाची मजुरी गेलीच. पट्टीचे उपचार मधेच सुटतात ते मायेच्या कमतरतेनं नाही, या मजुरीनं सुटतात. ती मजुरी आणि भाडं कोणत्या योजनेतून द्यायचं, ते जिल्हा परिषदेनं ठरवावं.

माझ्या पोरीला मी विचारलं, तुझं लिहू का? ती म्हणाली, लिही, पण मी रडत बसले असं लिहू नको. ती रडत बसलेली नाही. नर्सिंगला प्रवेश घेते आहे. मेळाव्यात तक्ता तीच धरून उभी होती.

त्या कडुनिंबाखालच्या पोराच्या आईला तिनंच समजावलं. चौकट स्वतःच्या डोळ्यावर लावली, डावा झाकला आणि तक्त्यावरची फक्त वरची मोठी चित्रं वाचून दाखवली. "काकू, मले याच्या खालचं दिसत नाही. याले पाच वर्षं दहा महिने झाले, मले साडेदहा झाले होते." ती बाई धसकटं वेचायला जाते, आठवडाभर काम आहे, तरी बुधवारची मजुरी सोडायला तयार झाली. सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही निघतो आहोत.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. राळेगाव, जि. यवतमाळ